हात धुऊन पुस्तकांच्या मागे

आमच्या गॅलरीखालच्या हायस्कुलाच्या पाटीवर अजून ‘मु. पो. दिवा, ता. जि. ठाणे’ असेच लिहिलेले आहे. पेंटरने ‘मु. पो.’ रंगवले तेव्हा पाटीसमोर भातखाचरे होती, खाडीवरचा वारा थेट वर्गात शिरायचा आणि आगासन, दातिवली, साबे, बेतवड्याची पोरे बांधाबांधाने चालत शाळेत यायची. पुढे १९८२ साली ठाण्याची महापालिका झाली, दिवा तिच्या हद्दीत गेले, खाचरांत भाताऐवजी इमारती वर आल्या आणि अर्धी रत्नागिरी, पाऊण सिंधुदुर्ग बिऱ्हाडासकट इथे येऊन राहिले. गावाचे शहर झाले. परिपत्रके काढणाऱ्यांना मात्र हे अजून कोणी कळवलेले नाही. शाळेला येणारे प्रत्येक फर्मान त्या जुन्या ‘मु. पो.’लाच येते.

परिपत्रक लिहिणाऱ्या साहेबांच्या डोळ्यांसमोर एक शाळा असते. तिच्यापुढे ऐसपैस पटांगण, कडेला पार बांधलेला वड, वडापलीकडे ओढा, ओढ्यापलीकडे टेकडी आणि टेकडीवर नुकताच उगवलेला सूर्य. अशा शाळेतल्या मुलांनी वर्षभरात काय काय करावे याची यादी करून साहेब खाली सही ठोकतात.

आमच्या शाळेपुढे जे आहे त्याला मैदान म्हणायची पद्धत आहे. मोठ्यांच्या कबड्डीला १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद जागा लागते. तेवढी इथे निघते, फक्त आधी पाववाल्याचा टेम्पो हलवावा लागतो. मैदानाच्या एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, तिसऱ्या बाजूला रेल्वे आणि चौथ्या बाजूला, चौथ्या मजल्यावर, मी. निवृत्त झाल्यापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसणे हा माझा एकमेव उपक्रम आहे. शाळेच्या उपक्रमांचा अहवाल मागाहून लिहिला जातो. मला उपक्रमच आधी दिसतो, आणि दोन्हींत थोडा फरक राहतो.

शाळेत शिकवणे सोडून जे जे चालते त्याला उपक्रम म्हणतात. पण उपक्रम झाला म्हणजे झाला, असे नाही. त्याचा फोटो काढून लिंक भरली की तो झाला. ‘बाई, लिंक भरली का?’ हे वाक्य मला प्रार्थनेपेक्षा जास्त वेळा ऐकू येते. लिंक दुपारी येते आणि संध्याकाळी पाचला बंद होते. मैदानात नेटवर्क फक्त टाकीजवळ मिळते, त्यामुळे पावणेपाचला टाकीभोवती हात वर करून उभ्या असलेल्या शिक्षकांना बघून नव्या भाडेकरूंना वाटते, इथे रोज कसली तरी आरती होते.

सकाळच्या परिपाठापासून सांगतो. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. न्हावा-शेव्याचे कंटेनर घेऊन पनवेलकडून वसईकडे निघालेल्या मालगाडीला त्याहून पुष्कळ जास्त लागतात. दोघांची गाठ पडली की मालगाडी जिंकते. अशा वेळी पीटीचे सर हात वर धरतात, मुले सावधानमध्ये गोठतात, शेवटचा डबा जातो आणि मग सगळे पुन्हा पहिल्यापासून. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यगीत आले तेव्हा संगीताच्या बाईंना काळजी पडली की आता दोन मालगाड्यांची सोय बघावी लागणार. पण दिव्यातल्या मुलांचा कान तयार असतो. पाचवीतले पोर भोंगा ऐकून सांगते, ‘बाई, ही मालगाडी नाही, सावंतवाडी आहे, लवकर जाईल, चालू करा.’ संगीताच्या बाईंनी तर पेटीच भोंग्याच्या सुरात लावून घेतली आहे. त्यामुळे मागून भोंगा आला तर तो साथीला धरतात.

पावसाळा लागला की प्रभातफेरी निघते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा सरकारने दुष्काळी भागासाठी काढली होती हे मला मान्य आहे, पण ती जुलै महिन्यात, दिव्यात, घोट्याएवढ्या पाण्यातून चालत जाणाऱ्या मुलांच्या तोंडून ऐकण्यात वेगळीच मजा आहे. पाणी अडलेले असते. जिरायचे तेवढे जिरलेलेही असते, मुख्यतः मोज्यांत. एकदा एका दुकानदाराने उंबऱ्यावर वाळूच्या गोण्या रचता रचता फेरीला विचारले, ‘पोरांनो, अजून कुठे अडवू?’ एप्रिलमध्ये हीच मुले कळशा घेऊन टँकरमागे धावतात तेव्हा घोषणा म्हणायला हरकत नसते, पण तेव्हा परीक्षा असते.

फेरीला वाट करून द्यायला रोड सेफ्टी पॅट्रोलची मुले असतात. दिव्यातल्या शेअर रिक्षावाल्याला मी सिग्नलला, हवालदाराला किंवा मृत्यूला घाबरताना पाहिलेले नाही. पण सातवीतली एक चिमुरडी, हातात शिट्टी, डोक्यावर कानापर्यंत उतरलेली टोपी, नाक्यावर उभी राहून त्याला थांबवते आणि वर ‘चौथी सीट उतरवा’ म्हणते. तो उतरवतो. कारण ती त्याची मुलगी असते, किंवा भाची, किंवा शेजारणीची तरी, आणि रात्री घरी जायचे असते.

वृक्षारोपणाची कथा जरा मोठी आहे, कारण तिच्यात मी अडकलो. वृक्षदिंडी निघाली, पालखीत रोपे, टाळ, मृदंग, सगळे यथासांग. दिंडी शाळेला वळसा घालून परत मैदानात आली आणि प्रश्न पडला, लावायचे कुठे? मैदानात झाड लावले तर कबड्डी जाते, कडेला लावले तर टेम्पो जातो. विज्ञानाच्या बाईंनी तोडगा काढला: प्रत्येक मुलाने एक रोप रंगाच्या रिकाम्या डब्यात लावून परिसरातल्या एका गॅलरीला दत्तक द्यायचे. संध्याकाळी सहावीतला एक मुलगा बेल वाजवून आत आला, गॅलरीत डबा ठेवला आणि म्हणाला, ‘काका, हे तुमचं झाड. पाणी घाला. वड आहे.’

मी म्हणालो, ‘बाळा, वड?’

‘हो. रोपवाटिकेतनं मिळाला. हजार वर्षं जगतो.’

गॅलरी चार फूट रुंद आहे. इमारतीचे आयुष्य किती, हे विचारायची दिव्यात पद्धत नाही. पण मुलगा दर शनिवारी पट्टी घेऊन यायचा, वड मोजायचा आणि वहीत लिहायचा. ऑक्टोबरमध्ये तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, ‘काका, याला अजून दोन सेंटिमीटर वाढायला लागेल. अहवालात तसं लिहून झालंय.’ मी वडाशी बोललो. वाढला.

पुढचा ज्येष्ठ आला. वटपौर्णिमेच्या सकाळी दार उघडले तर जिन्यात नऊवारीपासून पंजाबीपर्यंत सगळ्या वेषांतल्या बायका रांगेत उभ्या. स्टेशनाजवळ रोवलेल्या वडाच्या फांदीपाशी उभे राहायला जागा नव्हती आणि आमच्या घरी अख्खा वड आहे ही बातमी पोराने इमारतभर पोचवली होती. अडचण एकच आली. डब्याची एक बाजू गॅलरीच्या कठड्याला टेकलेली, त्यामुळे पूर्ण फेरी घालता येईना. अर्धी घालायची आणि त्याच वाटेने परत फिरायचे. आमच्या हिने हिशेब केला की सात अर्ध्या फेऱ्यांचे साडेतीन जन्म होतात. वरच्या मजल्यावरच्या मालवणच्या काकू दोरा गुंडाळत म्हणाल्या, ‘साडेतीनच बरे गो. सात खूप होतत.’ त्यांचे यजमान दारात चपला सांभाळत उभे होते. त्यांनीही हरकत घेतली नाही.

याच ठाणे जिल्ह्यात, आता पालघरमध्ये गेलेल्या कोसबाडच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली होती. मुले गुरे राखायला कुरणात जातात आणि शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच उठून कुरणात गेली. इतका सरळ विचार करणारी माणसे पुढे परिपत्रके लिहायच्या कामाला लागलेली दिसत नाहीत. ताराबाई आज दिव्यात असत्या तर त्यांनी शाळा कुठे नेली असती, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. पादचारी पुलावर. दिव्यातले प्रत्येक मूल दिवसातून एकदा तिथे सापडतेच, आणि पुढे सरकायला भरपूर वेळ लागत असल्याने एखादा धडा सहज होतो.

ऑक्टोबरमध्ये मुख्याध्यापकांची खरी परीक्षा असते. पंधरा तारखेला जागतिक हात धुवा दिन असतो, २००८ पासून. त्याच तारखेला डॉ. अब्दुल कलामांची जयंती, आणि आपल्या राज्यात ती २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरी होते. म्हणजे एकाच दिवशी हातही धुवायचे आणि पुस्तकही वाचायचे. फोटो दोन, लिंका दोन, पाणी एक बादली. टाकी त्या दिवशी कोरडी होती, हे मला वरून दिसत होते. बादलीतले पाणी संपू नये म्हणून शंभर मुलांनी हातावर हात चोळून सातही पायऱ्या कोरड्याच करून दाखवल्या, आणि प्रत्यक्ष पाणी फक्त पहिल्या रांगेतल्या, फोटोत येणाऱ्या पाच मुलांना मिळाले. त्यांच्या हाताला साबण राहिला तो राहिलाच. तेच हात घेऊन ती वाचायला बसली आणि ग्रंथालयातल्या पाच पुस्तकांना लिंबाचा वास लागला. मुख्याध्यापकांनी दोन्ही उपक्रमांचा मिळून एकच अहवाल लिहिला. त्यातले एक वाक्य मराठीच्या बाईंनी मला वाचून दाखवले: ‘सर्व विद्यार्थी हात धुऊन पुस्तकांच्या मागे लागले.’ असा मुख्याध्यापक शिक्षण खात्याला परवडतो कसा, मला कळत नाही.

दुपारी साडेबाराला गॅलरीत खिचडीचा वास येतो. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच मिळतो. आठवी पास होण्याचे दुःख पैसेवाल्या शाळांतल्या मुलांना कळायचे नाही. एका निकालात फुकटची पुस्तकेही जातात आणि खिचडीही. जूनमध्ये नववीतली नवी मुले खिचडीच्या खोलीच्या आसपास अशी घुटमळतात जशी काही त्यांची तिथे वही राहिली आहे. ताटे वाढण्याआधी मोठ्यांपैकी कुणीतरी खिचडी चाखून चव रजिस्टरमध्ये सही करायची असते, असा नियम आहे. एका नववीतल्या मुलाने अर्ज दिला होता की मिशी फुटल्यामुळे आपल्याला मोठ्यांत धरावे आणि चव घेण्याची जबाबदारी कायमस्वरूपी सोपवावी. अर्ज नामंजूर झाला, पण अर्जाचा नमुना चांगला म्हणून मराठीच्या बाईंनी फळ्यावर लावला.

बेडन-पॉवेलने १९०७ साली वीसेक मुले घेऊन ब्राउनसी बेटावर तंबू ठोकले आणि तिथून स्काउट सुरू झाले. बेट, जंगल, समुद्र, शेकोटी. आमच्या स्काउटांना बेट मिळते, पण फक्त मोठा पाऊस झाल्यावर, आणि ते शाळेचेच झालेले असते. तंबू ठोकायला खुंटी मारावी तर खाली काँक्रीट. म्हणून तंबूचे चार दोर चार मुले धरून उभी राहतात आणि पाचवा मुलगा आत जाऊन झोपल्यासारखे करतो.

स्काउटने रोज एक सत्कृत्य करून वहीत नोंदवायचे असते. हे ज्या आठवड्यात वर्गात सांगितले त्या आठवड्यात माझ्या दाराची बेल साडेचारला वाजायला लागली. ‘काका, काही मदत?’ सोमवारी मी त्याला दूध आणायला पाठवले. मंगळवारी रद्दी बांधून घेतली. बुधवारी माळ्यावरची बॅग खाली काढली. गुरुवारी माझ्या गरजा संपल्या. पोराचा चेहरा पाहवेना, म्हणून म्हणालो, ‘हे स्टूल जरा आतल्या खोलीत ठेव.’ शुक्रवारी ते बाहेर आणून ठेवायला सांगितले. शनिवारी तो आपल्या मित्राला घेऊन आला. त्याचीही वही रिकामी होती. आमच्या घरात तेव्हापासून फर्निचर पुष्कळ हिंडते.

डिसेंबरात स्काउट-गाइडची ‘खरी कमाई’ असते. मुलांनी स्वतः काही बनवून विकायचे आणि कष्टाच्या पैशाची गोडी अनुभवायची, ही कल्पना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा आणि शिका’ हे नुसते म्हटले नाही, चालवून दाखवले. त्यांच्या वसतिगृहातली पोरे आपले काम आपल्या हाताने करत. आमच्याकडे त्या सूत्राची कामे वाटून दिलेली आहेत. आई कमावते, मुलगा शिकतो आणि बाप गिऱ्हाईक होतो. तेल घरचे, सिलिंडर घरचा, कांदे आजीने चिरलेले. विक्री झाली साडेचारशे, म्हणून नफा साडेचारशे. असा ताळेबंद मांडणाऱ्या मुलाला गणिताच्या सरांनी विचारले, ‘आणि खर्च?’ तो म्हणाला, ‘सर, खर्च पप्पांचा विषय आहे.’

त्या मेळाव्यात खरी बाजी मारली ती साब्याच्या एका आगरी पोराने. बाकी सगळीकडे भेळ, वडापाव, सरबत, आणि एका टेबलावर बाटलीत रिंग टाका. याने आजीलाच आणून बसवले होते. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तासाभरात शिक्षकांची रांग भेळवाल्यांच्या टेबलांवरून मागे गेली आणि टाकीला टेकली. आजीने परातीवरून मान वर करून मुख्याध्यापकांना विचारले, ‘कवा आयलास? बस, गरम घे.’ शाळेतल्या सगळ्या उपक्रमांत सरांना कोणी बसायला सांगितलेले मी तेवढे एकदाच पाहिले.

मी वरून दोरीला पिशवी बांधून खाली सोडली आणि भेळ मागवली. दोन गाइड मुलींनी ‘होम डिलिव्हरी’चे पाच रुपये जास्त लावले आणि पिशवीचे तोंड क्लोव्ह हिचने आवळून वर पाठवली. गाठ इतकी पक्की होती की पिशवी कात्रीने कापावी लागली. त्या मुलींना गाठींच्या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळाले असे ऐकले. मिळायलाच हवेत.

खेळांचे मात्र मी गमतीने सांगणार नाही, कारण पीटीचे सर तळमजल्यावर राहतात. कबड्डी १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने जगाला दाखवली, हे ते दर वर्षी क्रीडादिनी सांगतात आणि दर वर्षी त्यांचा आवाज भरून येतो. पोरांना पकड शिकवावी लागत नाही. सकाळची ठाण्याकडची लोकल दिव्यात पकडलेल्या माणसाच्या घरात ती उपजतच येते. समोर दारात कल्याण, बदलापूर, टिटवाळ्याची मंडळी साखळी करून उभी असतात. ती फोडून आत हात लावायचा आणि दम न सोडता टिकायचे, म्हणजे चढाईच की. डिसेंबर २०१६ पासून फास्ट लोकलही दिव्याला थांबू लागल्या, त्यामुळे सरावाची सोय वाढली. सर रेषेवरून ओरडतात, ‘अरे पाय पकर! पाय पकर त्याचा!’ आणि पकडलेला पोरगा सवयीने म्हणतो, ‘ओ भाऊ, बॅग पुढे घ्या.’

खो-खोला एक खांब आहे, दुसऱ्याच्या जागी टाकीचा नळ. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्रातले. त्या आठवड्यात आमच्या मुली नळाला अशा काही वळसा घालत होत्या की नळच गळायला लागला.

शाळेचे एक हस्तलिखित निघते. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहात ते मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत. आमचे वार्षिक आहे, पण रद्दी मागायला येणाऱ्या मुलांनी ते एकदा चुकून माझ्याकडेच ठेवले, म्हणून वाचायला मिळाले. विषय होता ‘माझे गाव’. परिपत्रकातला विषय असणार, कारण फळ्यावर मुद्दे दिलेले दिसत होते: नदी, मंदिर, शेती, जत्रा, लोकांचा स्वभाव. निम्म्या मुलांनी आजोळ लिहिले होते. राजापूर, लांजा, कणकवली. गणपतीत आठ दिवस पाहिलेले गाव असे काही हिरवेगार लिहिले होते की वाचताना डास चावतील. गणपतीत शाळा नाहीतरी ओस पडते आणि सावंतवाडीची गाडी भरते. जे पटावर असतात ते सगळे तिच्यात असतात.

पण आठवीतल्या एका मुलाने खरोखरच्या दिव्यावर लिहिले होते. त्याचे घराणे इथलेच. तो लिहितो: ‘माझे गाव दिवा आहे. आमचे शेत स्टेशनपासून पाच मिनिटांवर आहे. त्यात सात मजले आहेत. लिफ्ट बंद आहे. माझे आजोबा म्हणतात, बी विंगच्या जागी आमचा कोलम फार छान यायचा. गावाच्या एका बाजूला खाडी आहे व चार बाजूंना रेल्वे आहे. लोकांचा स्वभाव सकाळी ७ ते ११ वाईट असतो, नंतर चांगला असतो.’ शेजारी बाईंनी लाल शाईने लिहिले होते, ‘नदीचा मुद्दा राहिला.’

क्षेत्रभेटीला या वर्षी मुलांना रेल्वे स्टेशन दाखवायला नेले होते. दिव्याच्या मुलाला स्टेशन दाखवणे म्हणजे कोळ्याच्या पोराला मासळी दाखवणे. भूगोलाच्या सरांनी पुलावर उभे करून विचारले, ‘जंक्शन म्हणजे काय?’ त्यांना दोनपेक्षा जास्त मार्ग, वसई, पनवेल वगैरे हवे होते. मागून उत्तर आले, ‘सर, जिथं सगळे उतरतात पण चढता येत नाही.’ सर स्वतः आसनगावहून येतात. त्यांनी उत्तर बरोबर धरले.

विज्ञान प्रदर्शनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ज्वालामुखी दर वर्षी असतो आणि तो पाहुणे टेबलाशी येईपर्यंत विझलेला असतो. यंदा एका मुलीने स्वयंचलित रेल्वे फाटक केले होते. गाडी आली की खाली, गेली की वर, आपोआप दिवा लागतो, घंटा वाजते. सगळे यंत्र चोख चालत होते. परीक्षक दिव्यातच राहणारे होते. त्यांनी गाडी फिरवून पाहिली, फाटक लगेच उघडले, पुन्हा फिरवली, पुन्हा उघडले. त्यांनी शेरा दिला, ‘कल्पना उत्तम. प्रत्यक्षाशी मेळ नाही.’ तिला दुसरा क्रमांक मिळाला. पहिला ज्वालामुखीला.

आणि स्नेहसंमेलन. लाऊडस्पीकर आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर बांधतात, त्यामुळे मला निमंत्रण वेगळे लागत नाही. यंदा सहाचा कार्यक्रम, सात वाजले तरी प्रमुख पाहुण्यांचा पत्ता नाही. ते फाटकापलीकडे गाडीत अडकले होते. त्यांना शाळेची रोषणाई दिसत होती. त्यांच्यासाठीचे स्वागतगीत त्यांनी काच खाली करून तिथूनच ऐकले आणि फोन करून बाईंना ‘छान बसवलंय’ असे कळवले. सव्वासातला पीटीच्या सरांनी मैदानाच्या मधोमध उभे राहून वर पाहिले.

‘काका, इस्त्रीचा शर्ट आहे का?’

दहा मिनिटांत मी शाल, श्रीफळ आणि गुलाबाच्या रोपासह पहिल्या खुर्चीवर होतो. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीच्या हातात मूळ पाहुण्यांचा परिचय होता. तिने नाव तेवढे बदलले आणि बाकी सगळे वाचले. त्यामुळे मी दोनदा निवडून आलेलो आहे, माझे अनेक रस्त्यांना सहकार्य लाभलेले आहे आणि तरुणांचे मी आशास्थान आहे, हे मला आणि आमच्या हिला एकाच वेळी समजले.

प्रतापगडाचा प्रवेश होता. महाराज व्हायला सगळा वर्ग तयार असतो, अफझलखान व्हायला कोणी नाही. शेवटी अंगाने भरलेला म्हणून आठवीतल्या, अजून खिचडी चालू असलेल्या एकाला धरला होता. भेटीचा प्रसंग आला, महाराजांनी वाघनखे काढली आणि तिसऱ्या रांगेतून त्याची आजी उठली. ‘ए, हलू मार रे! ताप येऊन उठलाय तो!’ महाराज थांबले. खान म्हणाला, ‘आये, बस ना तू.’ मग महाराजांनी त्याला अगदी अलगद मारले आणि पडताना डोके आपटू नये म्हणून एका हाताने मान धरली. टाळ्या थांबेनात.

माझे भाषण बरे झाले असावे. मधून मालगाडी गेली. ती जाईपर्यंत मी तोंड हलवत राहिलो, आणि त्याच भागाला सर्वांत जास्त दाद मिळाली. बक्षिसे वाटली. मंचावरून उतरताना शिपाई जवळ आला आणि हळूच म्हणाला, ‘काका, श्रीफळ द्या. ते शाळेचं आहे. शाल असू दे, ती उद्या दिलीत तरी चालेल.’

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. मराठीच्या बाई, हातात मोबाईल, चेहरा पडलेला. बक्षीस वितरणाच्या फोटोत नेमका खान पळत आडवा आला होता आणि माझे डोके झाकले गेले होते. लिंक पाचला बंद होणार होती.

‘काका, पाच मिनिटं खाली येता का? परत एकदा बक्षीस द्यायचं. शर्ट तोच घाला, शाल मी आणलीय.’

गेलो. टाकीजवळ, नेटवर्क मिळेल असे उभे राहिलो. पहिला क्रमांक आलेला ज्वालामुखीवाला मुलगा त्या दिवशी गैरहजर होता, म्हणून ते बक्षीस फाटकवाल्या मुलीला दिले. लिंकेत आता तीच पहिली आहे.